बालनटाची कंपनी : 'ललितकलादर्श'ची वाटचाल

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. लग्नाला उतावीळ झालेला म्हातारा भुजंगनाथ, पैशाला भाळलेला बाप कांचनभट, मधल्यामध्ये दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित आणि या तिघांच्या तावडीत सापडलेली कोवळी शारदा. किर्लोस्कर मंडळींनी गाजवलेलं हे नाटक पुढे इतर कंपन्यांनीही उचललं. त्यांतल्या 'स्वदेशहितचिंतक' मंडळींच्या शारदेचा बोलबाला झाला तो एका वेगळ्याच कारणाने. ही शारदा करणारा मुलगा स्वतः शारदेच्याच वयाचा होता. केशव विठ्ठल भोसले त्याचं नाव.

त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष करत, यात कुणाला नवल वाटत नव्हतं. भाऊराव कोल्हटकरांसारख्या भरदार गड्याची सुभद्रा लोकांनी डोक्यावर घेतली होती. पण शारदेची गोष्ट निराळी आहे. ती सुभद्रेसारखी मुरलेली नायिका नाही. आपलं काय चाललंय हे तिला पुरतं कळतही नाही आणि कळतं तेव्हा तिचं कुणी ऐकत नाही. बाप्या माणसाने ही भूमिका केली की प्रेक्षक अभिनयाला दाद देतो. मिसरूड न फुटलेला पोरगा आईची विनवणी करत उंच पट्टीत गायला लागला की समोर बसलेल्याला आपल्या घरातली मुलगी दिसू लागते. केशवचा आवाज चढा, निकोप आणि पल्लेदार होता. त्या आवाजाने बालाजरठ विवाहाविरुद्ध जे काम केलं असेल, ते सभांमधल्या ठरावांनी झालं नसेल, असं मला मनापासून वाटतं.

आणि हा मुलगा तरी कोण होता? ९ ऑगस्ट १८९० ला कोल्हापुरात जन्मलेला, लहानपणीच बापाचं छत्र गेलेला, आई जनाबाई आणि भाऊ दत्तोबा यांच्यासोबत दारिद्र्य पाहिलेला. शाळेची पायरी नीट चढण्याआधीच तो नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात येऊन पडला होता. शारदेचं लग्न तिच्या बापाने ठरवलं, केशवचा पेशा त्याच्या घरच्या परिस्थितीने ठरवला. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं.

'ललितकलादर्श' या संस्थेची कथा सांगायची तर ती इथूनच सुरू करावी लागते. कंपनी निघाली १९०८ साली, पण तिचा पाया घातला गेला तो एका मुलाने दुसऱ्याच्या कंपनीत काढलेल्या वर्षांत.

त्या वेळच्या नाटक कंपनीतलं पोरांचं आयुष्य थोडं जवळून पाहायला हवं. कंपनी म्हणजे एक चालतं गाव असे. मालक, नट, गवई, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी, सामानाच्या पेट्या. एका गावचा मुक्काम संपला की पेट्या गाडीवर चढायच्या आणि पुढच्या गावी नव्या बिऱ्हाडात उतरायच्या. मुलांना दोन वेळचं जेवण, कपडालत्ता आणि तालीम मिळे. सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकला पाठ करायच्या, संध्याकाळी रंगायला बसायचं. प्रयोग रात्री सुरू होई आणि वन्समोअर पडत गेले की पहाट गाठे. वन्समोअरला नाही म्हणायची सोय लहान मुलाला नसे. गळा चालतो तोवर पोराचे लाड होत. एकदा आवाज फुटला की त्याच्याकडे बघायलाही कुणाला फुरसत नसे. असे किती बालनट आले आणि किती विझले, त्यांची नावं आपल्या नाट्यइतिहासात कुठेच नोंदलेली नाहीत. आपण लिहितो ते तरलेल्यांबद्दल.

केशव तरला. 'स्वदेशहितचिंतक'चे चालक जनुभाऊ निमकर. त्यांच्या कंपनीचं नाव या मुलाच्या गाण्यावर दुमदुमत होतं. पण वाढत्या वयाबरोबर मतभेद झाले आणि अखेर तो बाहेर पडला. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला 'ललितकलादर्श' नाटक मंडळी उभी राहिली. मालकाचं वय तेव्हा साडेसतरा.

हुबळीचं नाव वाचून आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. पण मराठी नाटक कंपन्यांचा नकाशा आजच्या राज्याच्या सीमांत बसत नाही. बेळगाव, धारवाड, हुबळी ही हक्काची गावं. तिथला प्रेक्षक गाण्याचा दर्दी, आणि किराणा-ग्वाल्हेरच्या गवयांचा त्या मुलखात वावर. पुण्या-मुंबईत किर्लोस्कर मंडळींचा दबदबा असताना नव्या, पोरसवद्या कंपनीने दक्षिणेत पाय रोवणं हे शहाणपणाचंच होतं.

सुरुवातीला जुनीच नाटकं. 'सौभद्र', 'शारदा', 'मृच्छकटिक' हे तेव्हाच्या प्रत्येक संगीत कंपनीचं भांडवल. केशवराव नायिका करत आणि लोक गाण्यासाठी तुटून पडत. एवढ्यावर कंपनी सुखाने चालली असती. इथे मात्र केशवरावांनी जे केलं, त्यामुळे 'ललितकलादर्श' ही त्यांच्या गळ्याएवढीच मर्यादित राहिली नाही. त्यांनी नवे नाटककार शोधायला सुरुवात केली.

हिराबाई पेडणेकरांचं 'संगीत दामिनी' १९१२ साली 'ललितकलादर्श'ने रंगभूमीवर आणलं. ही घटना आपण पुरेशा मोठ्या आवाजात सांगत नाही. हिराबाई गायनाचा वारसा असलेल्या कलावंतिणीच्या घरातल्या. ज्या रंगमंचावर स्त्रीला उभं राहायची मुभा नव्हती, त्या रंगमंचावर एका स्त्रीने लिहिलेलं नाटक एका पुरुषाच्या कंपनीने केलं. मोठमोठ्या साहित्यिकांची हिराबाईंशी ऊठबस होती, पण त्यांचं नाटक प्रयोगापर्यंत नेण्याचं धाडस बाविशीतल्या केशवरावांनी दाखवलं.

वीर वामनराव जोशींचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हेही असंच नवं नाटक. त्यात केशवरावांची मृणालिनी गाजली. पाठोपाठ भार्गवराम विठ्ठल वरेरकर, म्हणजे मामा वरेरकर, कंपनीशी जोडले गेले. हुंड्यावर आसूड ओढणारं 'हाच मुलाचा बाप' आणि धर्मांतराचा प्रश्न हाती घेणारं 'संन्याशाचा संसार' ही त्यांची नाटकं 'ललितकलादर्श'ने केली. पुराणातल्या राजकन्या आणि ऋषी बाजूला सारून घरातला, गल्लीतला, आजचा माणूस संगीत नाटकात आणायचा, आणि तरी गाणं सोडायचं नाही, ही वाट मामांनी आणि केशवरावांनी मिळून चोखाळली.

गाण्याच्या बाजूला रामकृष्णबुवा वझे होते. ग्वाल्हेर परंपरेतले हे कसदार गवई, अनवट रागांचे आणि जोरकस तानेचे. केशवरावांना त्यांची तालीम मिळाली आणि कंपनीला त्यांच्या चाली. म्हणूनच 'ललितकलादर्श'च्या पदांची चाल बालगंधर्वांच्या 'गंधर्व नाटक मंडळी'च्या पदांहून वेगळी ओळखू येते. बालगंधर्वांच्या गाण्यात लडिवाळपणा, ठुमरीच्या अंगाने केलेली मुरड. केशवरावांच्या गाण्यात चढाई, झपाट्याच्या ताना, आवाजाची फेक शेवटच्या रांगेपर्यंत. त्या काळी घराघरांत दोन तट पडले होते. लोक तावातावाने भांडत. आज त्या भांडणाचाही हेवा वाटतो.

रंगमंचाकडेही केशवरावांचं तितकंच लक्ष होतं. मखमली पडदा, चित्रकार पु. श्री. काळे यांच्याकडून रंगवून घेतलेले पडदे, नाटकाच्या काळाला शोभणारा पोशाख यांवर त्यांनी पैसा ओतला. लहानपणी ज्याला जुने, वापरलेले कपडे अंगाला बांधून राजकन्या व्हावं लागलं असेल, त्याने मालक झाल्यावर या गोष्टींत हात आखडता घेतला नाही.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा या मुलावर लोभ होता. गरीब मराठा घरातला, स्वतःच्या गुणांवर वर आलेला कलावंत महाराजांना आपलासा वाटावा हे स्वाभाविकच. याच महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात कोल्हापुरात 'पॅलेस थिएटर' बांधलं. शेजारी खासबागेचं कुस्ती मैदान, इकडे नाटकाचं थिएटर. मल्ल आणि नट दोघांनाही एकाच राजाने एकाच आवारात जागा दिली. पुढे या थिएटरला केशवराव भोसल्यांचंच नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, हे नाट्यगृह आगीत होरपळलं. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडत होते. ज्या माणसाचं गाणं ऐकलेलं एकही माणूस हयात नाही, त्याच्या नावाच्या वास्तूसाठी गाव रडतं, यातून त्या माणसाची जागा कळते.

'ललितकलादर्श'च्या पहिल्या पर्वाचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ ची रात्र. लोकमान्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर पैसा गोळा होत होता. त्या फंडाच्या मदतीसाठी गंधर्व नाटक मंडळी आणि 'ललितकलादर्श' यांनी एकत्र येऊन मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'मानापमान' केलं. खाडिलकरांचं हे नाटक १९११ चं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी घरोघर पोचलेलं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर.

या प्रयोगाची गोष्ट मराठी माणूस शंभर वर्षं सांगतो आहे, आणि सांगणारे बहुतेक सगळे वन्समोअरांची आणि तिकिटांच्या झुंबडीची गोष्ट सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची दिसते. शारदेपासून सुरुवात केलेला, वर्षानुवर्षं नायिका रंगवलेला नट त्या रात्री धैर्यधर होऊन उभा होता. 'मानापमाना'त गरीब सेनापतीला श्रीमंत मुलगी हिणवते आणि तो आपल्या पराक्रमाच्या बळावर मान राखून राहतो. केशवरावांच्या आयुष्याशी ही भूमिका चपखल जुळत होती. बालनटाचा गळा फुटल्यावर त्याचं काय होतं, या प्रश्नाचं याहून ठाशीव उत्तर मराठी रंगभूमीने दिलेलं नाही. पोराचा आवाज गेला होता. त्या जागी तालमीने कमावलेला पुरुषाचा आवाज उभा राहिला होता, तोही बालगंधर्वांसमोर.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. विषमज्वराने ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

इथे थांबून आजूबाजूला पाहिलं पाहिजे. पोरवयात रंगभूमीवर आलेले आणि पुढे संगीत नाटकाचे आधारस्तंभ झालेले आणखीही होते. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळींत आले आणि १९१८ मध्ये, म्हणजे केशवरावांनी कंपनी काढली त्याच वयात, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्या साथीने त्यांनी 'बळवंत संगीत मंडळी' उभी केली. सातारा जिल्ह्यातल्या भाडळ्याचा सौदागर गोरे दहाएक वर्षांचा असताना दामूअण्णा जोशींच्या 'बालमोहन'मध्ये दाखल झाला. ती तर कंपनीच मुलांची. अनंत हरी गद्रे यांनी त्या मुलाला 'छोटा गंधर्व' हे नाव दिलं. आचार्य अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार' १९३३ साली याच 'बालमोहन'ने केलं, पाठोपाठ 'घराबाहेर', 'उद्याचा संसार', 'लग्नाची बेडी'. आणि मुलं मोठी होत गेली तशी कंपनीची नाटकंही वयात आली. छोटा गंधर्व पुढे कृष्ण, धैर्यधर, चारुदत्त, अश्विनशेठ अशा भूमिकांत म्हातारपणापर्यंत गात राहिले.

हे सगळे थोर. पण त्यांच्या कंपन्या? त्या एका-दोघांच्या गळ्यावर उभ्या होत्या आणि तो आधार सरकला की कोसळल्या. 'गंधर्व', 'बळवंत', 'बालमोहन', यांतली एकही कंपनी आपल्या मुख्य नटाच्या मागे पुढच्या पिढीत गेली नाही. 'ललितकलादर्श' गेली. का, ते पुढच्या पंधरा वर्षांत दिसतं.

केशवरावांच्या मागे कंपनीची धुरा व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकरांनी घेतली. बापूराव कंपनीतलेच, केशवरावांच्या तालमीत वाढलेले गायक नट. मालक गेला, त्याच्याबरोबर लोकांना खेचणारा आवाज गेला. अशा वेळी कुणीही जुनी, हमखास चालणारी नाटकं काढून दिवस ढकलले असते. बापूरावांनी १९२२ मध्ये वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणलं.

या नाटकाने मराठी रंगमंचाचं रूप बदललं. तोवर मराठी नाटक पडद्यांवर चालत असे. रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा, जंगलाचा पडदा, असे रंगवलेले पडदे एकामागे एक टांगलेले. पुढच्या रस्त्याच्या पडद्यासमोर दोन विनोदी पात्रं वेळ काढत, तेवढ्यात मागे महालातली आसनं मांडली जात. नाटककारालाही मग तसेच प्रवेश लिहावे लागत, एक उथळ, एक खोल, पुन्हा एक उथळ. गोष्टीला गरज असो वा नसो, पडदा बदलायला वेळ हवा म्हणून विनोदी प्रवेश हवा. 'सत्तेचे गुलाम'मध्ये पडदा वर गेला आणि प्रेक्षकांना खरी खोली दिसली. भिंती, उघडणारं दार, खिडकी, खुर्च्या, टेबल. मराठी रंगभूमीवर 'बॉक्स सेट' आला तो या नाटकाने असं मानलं जातं. खोली आली की माणसांच्या हालचाली बदलतात. प्रेक्षकांकडे तोंड करून दोन ओळींत उभं राहायचं कारण उरत नाही. पात्र बोलता बोलता खुर्चीत बसतं, दाराशी थबकतं, पाठ फिरवतं. गद्य संभाषणाचा सूर खाली येतो.

आणि नाटकाचा विषय? गांधीजींच्या विचारांनी भारलेला वैकुंठ नावाचा तरुण. देशात असहकाराची लाट ओसरून वर्षही झालं नव्हतं. वैकुंठाची भूमिका बापूराव करत. गाणी होती, तीही लोकांच्या तोंडी बसली. पुढच्याच वर्षी 'तुरुंगाच्या दारात', अस्पृश्यतेवरचं. मग यशवंत नारायण टिपणिसांची ऐतिहासिक नाटकं. आणि १९३२ साली 'सोन्याचा कळस', मामांच्याच 'धावता धोटा' या कादंबरीवरून, मुंबईच्या गिरणी कामगारांच्या जगण्यावर. संगीत नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शालू, भरजरी शेले आणि तबकातली फुलं येतात. गिरणीच्या चाळीतलं संगीत नाटकही मराठीत होतं, ते या कंपनीने केलं, हे विसरून चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की केशवरावांनी सोडलेला खरा वारसा गाण्याचा नव्हता, नव्या नाटकावर डाव लावण्याच्या हिमतीचा होता. गळा कुणाला वारशाने देता येत नाही. हिंमत देता येते. बापूरावांनी ती घेतली.

पण काळच फिरला. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' पडद्यावर बोलू-गाऊ लागले. नाटकाची थिएटरं एकामागून एक सिनेमाकडे गेली. गावोगावचे मुक्काम परवडेनासे झाले. शंभर माणसांच्या बिऱ्हाडाचा खर्च आणि रिकाम्या खुर्च्या यांचा मेळ बसेना. नटनट्या स्टुडिओंकडे वळल्या. बापूराव कर्जाशी झगडत राहिले आणि १९३७ साली त्यांचंही निधन झालं. कंपनी बंद पडली.

बहुतेक कंपन्यांचा इतिहास इथे संपतो.

बापूरावांचा मुलगा भालचंद्र २५ नोव्हेंबर १९२१ ला जन्मलेला. केशवराव जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. नाटक मंडळीच्या ऐन भरात आणि मग ऐन पडझडीत हा मुलगा वाढला. वडील गेले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्या हाती आलं ते कंपनीचं नाव आणि देणं. गाणं मात्र त्याने त्याच दारी शिकायचं ठरवलं, जिथून केशवरावांना मिळालं होतं. वझेबुवांकडे. म्हाताऱ्या बुवांची तालीम कडक होती. वझेबुवा १९४५ मध्ये गेले. त्याआधी भालचंद्र पेंढारकरांनी त्यांच्याकडून मिळवलेला ठेवा पुढे आयुष्यभर त्यांच्या गाण्यात ऐकू येत राहिला.

आणि १९४२ मध्ये, एकविशीच्या आत-बाहेर असलेल्या या मुलाने 'ललितकलादर्श' पुन्हा सुरू केली. पहिलं नाटक निवडलं ते वडिलांचंच, 'सत्तेचे गुलाम'. वैकुंठ तो स्वतः. बाहेर 'चले जाव'चं वारं होतं, रंगमंचावर वीस वर्षांपूर्वीचा गांधीवादी तरुण पुन्हा उभा राहिला. निवड भावनेची असेल, पण ती वेळेला नेमकी लागू पडली.

हे पर्व मागच्या दोन पर्वांसारखं मुळीच नव्हतं. बिऱ्हाड गेलं, पंगती गेल्या, पगारी नटांचा संच गेला. आता नट दर प्रयोगाला नाइट घेऊन काम करणार, आज या संस्थेत, उद्या त्या. थिएटरच्या तारखा मिळवायच्या, जाहिरात करायची, बस ठरवायची, आणि संध्याकाळी रंगून गायला उभं राहायचं. पेंढारकरांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा हे सगळं स्वतः करत. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहाशी त्यांचा फार जवळचा संबंध राहिला, आणि त्यांच्या शिस्तीची आठवण काढणारे सगळे तिसऱ्या घंटेपासून सुरुवात करतात. जाहिरातीत छापलेल्या वेळेला तिसरी घंटा व्हायची म्हणजे व्हायची. समोर पाच माणसं असोत की पाचशे. पाहुणा आला नाही, मंत्र्यांची गाडी अडकली, या सबबी अण्णांपुढे चालत नसत. संगीत नाटक म्हणजे रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारा सावळागोंधळ, ही लोकांची समजूत मोडायला घड्याळाची शिस्त हवी होती आणि ती त्यांनी आणली.

या पर्वातलं पु. भा. भावे यांचं 'स्वामिनी' १९५६ चं. १९५७ साली बाळ कोल्हटकरांचं 'दुरितांचे तिमिर जावो' आलं आणि त्याने 'ललितकलादर्श'ला नवं आयुष्य दिलं. अण्णांचा भाबडा दिगू महाराष्ट्रभर लोकप्रिय झाला. शास्त्रोक्त तालमीचा गवई घरगुती, हळव्या नाटकात साधी गाणी गातो आणि गावोगावच्या बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात, हे पाहून काही समीक्षकांनी नाकं मुरडली असतील. मला त्यात कमीपणा दिसत नाही. शारदेनेही हेच केलं होतं.

त्यानंतर विद्याधर गोखले. १९६० मध्ये त्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' 'ललितकलादर्श'ने रंगभूमीवर आणलं. शाहजहानच्या दरबारातला संस्कृत कवी, 'गंगालहरी'चा कर्ता, आणि लवंगीवरचं त्याचं प्रेम. संगीत वसंत देसाईंचं. प्रभातच्या आणि शांतारामबापूंच्या चित्रपटांत नाव कमावलेला हा संगीतकार नाटकाकडे वळला आणि त्याने नाट्यपदाला ताजं रूप दिलं; चाल रागाला धरून, पण आटोपशीर, वेळेत संपणारी. गोव्याहून आलेल्या प्रसाद सावकारांच्या तडफदार गळ्याने या नाटकातलं गंगेचं पद अजरामर केलं. १९६६ साली गोखले आणि देसाई याच जोडीचं 'जय जय गौरीशंकर' आलं आणि त्याचे प्रयोग उदंड झाले. १९६० च्या दशकात संगीत नाटकाला जो दुसरा बहर आला, 'सुवर्णतुला', 'मत्स्यगंधा', 'कट्यार काळजात घुसली', त्यात 'ललितकलादर्श'चा वाटा सुरुवातीचा आणि मोलाचा आहे. पुढे १९८३ मध्ये गोखल्यांचंच 'बावनखणी'.

या नाटकांच्या यादीपेक्षाही अण्णांचं एक काम मला मोठं वाटतं. त्यांनी नाटकं ध्वनिमुद्रित करून ठेवली. आपली आणि इतरांचीही. मोठ्या चकत्यांचा स्पूल टेपरेकॉर्डर विंगेत ठेवायचा, फीत संपत आली की अंकाचा तोल न बिघडवता बदलायची, पेटीवर नाटकाचं नाव, तारीख, नटांची नावं लिहायची, आणि हे वर्षानुवर्षं करायचं. पैसा स्वतःचा, जागा स्वतःची. मुंबईच्या दमट हवेत स्पूलची फीत चिकटते, तिच्यावर बुरशी धरते; ती अधूनमधून काढून फिरवावी लागते. चोवीस तास नाटकाच्या व्यापात असलेल्या माणसाने हा उपद्व्याप का करावा?

याचं कारण त्यांच्या संस्थेच्या जन्मकथेतच आहे, असा माझा तर्क. 'ललितकलादर्श' ज्याच्या गळ्यावर जन्मली, त्याची शारदा, त्याचा धैर्यधर, संपूर्ण नाटकातला त्याचा वावर, यांतलं काहीच पुढच्या पिढीला ऐकता आलं नाही. अण्णांना तर जन्मतःच नाही. लोकांच्या आठवणी आणि छापलेली वर्णनं एवढंच हाती. आपल्यानंतरच्यांच्या वाट्याला तरी हे येऊ नये म्हणून हा माणूस विंगेत यंत्र लावून बसला. पुढे या फितींचं डिजिटल रूपांतर झालं. प्रयोगातल्या टाळ्या, वन्समोअर, नटाने ऐनवेळी घेतलेली जागा, प्रॉम्प्टरची कुजबुज, हे सगळं त्यांत आहे. संगीत नाटक शिकू पाहणाऱ्याला स्वरलिपीतून जे कधीच मिळणार नाही ते इथे मिळतं : पद कुठे सुरू होतं, त्याआधीचं वाक्य कसं टाकलं जातं, ऑर्गनवाला सूर कधी धरतो, आणि गवई नट गाता गाता पात्र कसं सोडत नाही.

२००८ साली 'ललितकलादर्श'ला शंभर वर्षं पूर्ण झाली. अण्णा तेव्हा हयात होते. संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना त्याआधीच मिळाला होता. ११ ऑगस्ट २०१५ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. कंपनीचं नाव आणि गाणं त्यांचे चिरंजीव ज्ञानेश पेंढारकर यांच्याकडे आलं. केशवराव भोसल्यांच्या घराण्यातून पेंढारकरांकडे आलेली ही संस्था पेंढारकरांच्याही पुढच्या पिढीत पोचली, आणि अण्णांनी भरून ठेवलेल्या त्या फिती आज नव्या गायक नटांच्या कानावर पडत आहेत.